समुद्रांतील वादळ आणि कृष्णाकांठ

समुद्रांतील वादळ हा विषय साताऱ्याच्या आणि सांगलीच्या श्रोत्यांपुढें कशासाठीं, असा प्रश्न शीर्षक ऐकतांच आपल्यांपैकीं कित्येकांच्या मनांत उभा राहिला असेल. या दोन्ही जिल्ह्यांना समुद्रकिनारा नाहीं. नांगर, शीड आणि सुकाणूं हे शब्द आपण बोलतों ते बहुधा अलंकारापुरते. मुंबईच्या गोदींत ओझीं वाहण्यासाठीं गेलेला पाटण-जावळीकडचा माथाडी कामगार सोडला, तर बंदरावर आज कोणता बावटा लागला आहे याची चौकशी करणारा माणूस आपल्या गांवांत क्वचितच सांपडेल. तरीहि माझें म्हणणें असें आहे कीं, समुद्रावर वाऱ्याचा भोंवरा उठला म्हणजे त्याचा हिशेब कृष्णाकांठींहि द्यावा लागतो. हें वादळ कसें जन्मतें, त्याची वार्ता माणसाला कशी कळूं लागली, आणि तें आपल्या दारापर्यंत कोणत्या वाटेनें येतें, एवढ्याच गोष्टी मी आज सांगणार आहें.

प्रथम आपल्या भूमीची ठेवण ध्यानांत घेऊं. कृष्णा नदी महाबळेश्वरच्या डोंगरांत उगम पावते. तेथून पश्चिमेकडचा अरबी समुद्र अवघा ६४ किलोमीटरांच्या आसपास आहे. परंतु ही नदी जवळच्या समुद्राकडे पाठ फिरविते आणि सुमारें १४०० किलोमीटर चालून आंध्र प्रदेशांत हंसलदीवीजवळ बंगालच्या उपसागरास मिळते. तिच्या उगमावर पाऊस पडतो तो पश्चिम समुद्राच्या वाफेचा, आणि तो पाऊस पूर्व समुद्राला पोंचविला जातो. आपण राहतों ते या दोन समुद्रांच्या मध्यें. महाबळेश्वरास वर्षाकांठीं पांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तर त्याच जिल्ह्यांतील माण आणि शेजारचीं आटपाडी व जत येथें तो पांचशेंच्या आसपास घुटमळतो. म्हणून एका समुद्रांत गडबड झाली तर आपला पश्चिम भाग बुडण्याचें भय, आणि दुसऱ्या समुद्रांतून ढग आले नाहींत तर आपला पूर्व भाग कोरडा राहण्याचें भय. दोन्ही भयें खरीं आहेत.

आतां वादळाच्या जन्माकडे वळूं. कऱ्हाडकडे किंवा वाळव्याकडे गुऱ्हाळ चालू असतांना आपण काहिलीजवळ उभे राहिलां असाल. चुलवणांत जाळ घातला कीं रस तापतो, आणि वाफेचा लोट वर चढतो. वाफ होण्यासाठीं पाणी उष्णता पोटांत घेतें. ती वाफ वर जाऊन थिजली म्हणजे घेतलेली उष्णता परत टाकते. समुद्र हीच एक अफाट काहील आहे असें समजा. समुद्राच्या पृष्ठभागाचें उष्णमान सुमारें साडेसव्वीस अंश सेल्सियसच्या वर गेलें, आणि ती ऊब निदान पन्नास मीटर खोलीपर्यंत पोंचली, म्हणजे वादळाला लागणारें सरपण तयार झालें. वाफ वर जाते, थंड होऊन तिचे ढग बनतात, आणि ढग बनतांना सुटलेली उष्णता भोंवतालच्या हवेला आणखी हलकी करून वर उचलते. खालीं हवेचा दाब उतरतो. रिकाम्या होणाऱ्या जागेकडे चोहों बाजूंनीं वारा धांवतो आणि धांवतांना नवी वाफ बरोबर आणतो. जाळानें जाळ वाढावा तसा हा प्रकार आहे.

परंतु धांवणारा वारा सरळ मध्यावर येऊन पोंचत नाहीं. पृथ्वी स्वतःभोंवतीं फिरत असल्यामुळें आपल्या उत्तर गोलार्धांत तो आपल्या उजवीकडे ढळतो, आणि त्यामुळें केंद्राभोंवतीं घड्याळाच्या कांट्याच्या उलट दिशेनें फेर धरतो. विषुववृत्ताच्या अगदीं जवळ पृथ्वीच्या फिरण्याचा हा प्रभाव नसल्यासारखाच असतो. म्हणून तेथें पाणी तापलेलें असूनहि वादळें बहुधा उठत नाहींत. आणखी एक अट अशी कीं, खालच्या आणि वरच्या थरांतील वाऱ्यांमध्यें फार तफावत नसावी. तशी ती असली तर ढगांचा उभा स्तंभ मध्येंच तुटून वादळ मोठें होण्यापूर्वींच विसकटतें. ऐन पावसाळ्यांत खालीं पश्चिमेचा वारा आणि फार उंचावर पूर्वेचा वारा असतो. म्हणून जुलै-ऑगस्टांत पूर्ण वाढलेलीं चक्रीवादळें विरळा, आणि एप्रिल ते जूनचा आरंभ व ऑक्टोबर ते डिसेंबर हे दोन हंगाम मात्र त्यांचे. पश्चिम किनाऱ्यावरील आपल्या पूर्वजांना हें शास्त्र ठाऊक नव्हतें, पण अनुभव होता. साताऱ्याच्या छत्रपति शाहूमहाराजांचे सरखेल कान्होजी आंग्रे यांचें आरमार काय, किंवा कोंकणचा साधा मासेमारी करणारा कोळी काय, पावसाळा लागला कीं गलबतें व होड्या किनाऱ्यास ओढीत आणि नारळी पौर्णिमेनंतरच पुन्हां समुद्राचें नांव घेत.

पूर्ण वाढलेल्या वादळाच्या मध्यभागीं एक शांत जागा असते. तिला वादळाचा डोळा म्हणतात. डोळ्याभोंवतीं वाऱ्याचा जोर सर्वांत अधिक. डोळ्यांत मात्र वारा पडतो, आणि कधीं कधीं आकाशहि मोकळें दिसतें. किनाऱ्यावरील अजाण माणसाला वाटतें कीं संकट टळलें. तो घराबाहेर पडतो, आणि थोड्याच वेळांत वारा उलट दिशेनें पहिल्याइतक्याच जोरानें झडप घालतो. हॉलंडमधील बाइज बॅलट या शास्त्रज्ञानें १८५७ सालीं एक सोपा नियम मांडला. उत्तर गोलार्धांत वाऱ्याकडे पाठ करून उभें राहावें. कमी दाबाचें केंद्र डाव्या हाताला, किंचित् पुढें असतें. यंत्रें नसलेल्या खलाशाला या एका नियमानें पळण्याची दिशा सांपडूं लागली. वादळ ज्या दिशेनें चालतें तिच्या उजवीकडची बाजू अधिक धोक्याची, हेंहि खलाशी जाणतात. कारण तेथें वादळाच्या चालीचा वेग आणि फिरत्या वाऱ्याचा वेग यांची बेरीज होते.

या सर्व ज्ञानाची किंमत माणसानें प्राण देऊन चुकविली आहे. ‘सायक्लोन’ हा शब्दच मुळीं आपल्या देशांत घडला. कलकत्त्यास हेन्री पिडिंग्टन नांवाचे गृहस्थ होते. बुडालेल्या आणि वांचलेल्या जहाजांच्या रोजनिशा चाळून त्यांनीं वादळांतील वारा वर्तुळाकार फिरतो हें नकाशांवर दाखविलें, आणि वेटोळ्याचा अर्थ असलेल्या ग्रीक शब्दावरून हें नांव बनविलें. सुंदरबनाच्या मुखाशीं कॅनिंग बंदर बांधण्याचा बेत सरकारनें केला, तेव्हां समुद्राची लाट येऊन तें वाहून जाईल, असा इशारा त्यांनीं १८५३ सालीं गव्हर्नर-जनरलांना पत्रानें दिला होता. बंदर बांधलें गेलें, आणि १८६७ सालच्या वादळानें त्याची धूळधाण केली. तें पाहण्यास पिडिंग्टन हयात नव्हते.

त्याच्या आधीं, १८६४ सालीं, एकाच हंगामांत दोन मोठीं संकटें कोसळलीं. ऑक्टोबरांत कलकत्ता आणि १ नोव्हेंबरास मच्छलीपट्टण. कृष्णेच्या मुखाजवळच्या या दुसऱ्या ठिकाणीं तीस हजारांच्या सुमारास माणसें मेलीं. पुढच्याच वर्षीं कलकत्ता बंदरासाठीं वादळाची सूचना देण्याची व्यवस्था झाली, आणि त्यामागून आलेल्या दुष्काळांनीं हवामानाच्या अभ्यासाची निकड पटविल्यावर १८७५ सालीं भारतीय हवामान खात्याची स्थापना झाली. या खात्याचें मुख्य ठाणें १९२८ सालीं सिमल्याहून पुण्यास आलें. पुढें तें दिल्लीस गेलें, तरी पुण्याच्या शिवाजीनगरांतील त्या इमारतीला लोक अद्याप ‘सिमला ऑफिस’च म्हणतात. पुण्यास जातांना एस्‌. टी.च्या खिडकींतून आपण ती पाहिली असेल.

बंदरांवर सूचना देण्याची जुनी रीत अशी कीं, दिवसा उंच खांबावर काळे शंकु व पिंपें टांगावयाचीं आणि रात्रीं तांबडे-पांढरे दिवे लावावयाचे. कोंकणांत यांनाच बावटा म्हणतात. पहिल्या नंबराचा अर्थ, दूर समुद्रांत कमी दाबाचें क्षेत्र झालें आहे, सावध राहा. दुसऱ्याचा अर्थ, दूर समुद्रांत वादळ झालें आहे. तिसऱ्याचा अर्थ, खुद्द या बंदरावर झंझावाती वारे येण्याचा संभव आहे. पुढें धोका चढत जातो, आणि आठवा, नववा व दहावा हे महाभयाचे बावटे होत. अकरावा सर्वांत निराळा. हवामान कचेरीशीं दळणवळण तुटलें आहे, असें तो सांगतो. ज्या वेळीं वार्ताच येत नाहीं, ती वेळ अधिकांत अधिक भयाची समजावयाची, हें शहाणपण त्या क्रमांत आहे.

जमिनीवरील लोकांसाठीं हवामान खातें वाऱ्याच्या वेगावरून वादळाची पायरी सांगतें. ताशीं ३१ ते ४९ किलोमीटर वेगाला डिप्रेशन म्हणजे अवदाब म्हणतात. ५० ते ६१ असला तर तीव्र अवदाब. ६२ किलोमीटरांपासून पुढें तें चक्रीवादळ होतें, आणि याच पायरीवर त्याला नांव मिळतें. २०२० सालीं तयार झालेल्या यादींत १३ देशांनीं दिलेलीं १६९ नांवें आहेत. ८९ ला तें तीव्र, ११८ ला अतितीव्र, आणि २२१ किलोमीटरांवर गेलें म्हणजे महाचक्रीवादळ. ही उतरंड लक्षांत ठेवावी, कारण पुढें सांगावयाच्या मुद्द्याचें मूळ तींत आहे.

अरबी समुद्र हा बंगालच्या उपसागरापेक्षां शांत समजला जातो, आणि आजवरचा हिशेब पाहिला तर वादळांची संख्या तिकडे बरीच अधिक आहे. पण अलीकडच्या वर्षांत हा शांतपणा डळमळला आहे. समुद्राचें पाणी पूर्वींपेक्षां अधिक तापूं लागलें आहे. एका २०१९ सालांत अरबी समुद्रांत पांच चक्रीवादळें झालीं. ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूनें किनाऱ्यावर चढलें आणि रायगडांतील नारळी-पोफळीच्या बागा त्यानें झोडपून काढल्या. मे २०२१ मधील ‘तौक्ते’ वादळ तर वाढत्या वादळाचा पाठच होय. १४ मे रोजीं तें लक्षद्वीपाजवळ अवदाब होतें. १७ तारखेस सकाळीं मुंबईच्या पश्चिमेस समुद्रांत तें भीषण रूपास पोंचलें होतें, आणि त्याच रात्रीं गुजराथेंत दीव-ऊना भागांत जमिनीवर आलें. तें उत्तरेकडे चाललें होतें. म्हणजे धोक्याची उजवी बाजू आपल्या किनाऱ्याकडे होती. मुंबईच्या तेलक्षेत्राजवळ कामगारांची राहण्याची एक मोठी तराफा-नौका नांगर तुटून वाहवत गेली व बुडाली. तीवरील २६१ माणसांपैकीं १८६ जणांना आरमारी नौकांनीं उसळत्या समुद्रांतून वर काढलें. इतरांचा अंत झाला. वादळाची सूचना दोन-तीन दिवस अगोदर प्रसिद्ध झाली होती. तीन दिवसांत अवदाबाचें भीषण वादळ होऊं शकतें, म्हणून पहिली सूचना ऐकूनच हालचाल करावयाची असते, दुसरीची वाट पाहावयाची नसते, एवढा बोध या प्रसंगानें दिला.

श्रोतेहो, हीं झालीं नांवाचीं वादळें. त्यांचा मुख्य मारा किनाऱ्यावर होतो. जमिनीवर आल्यावर पाण्याचें सरपण संपतें, आणि सह्याद्रीच्या आंत येईतों त्यांचा वारा बहुतेक ओसरलेला असतो. मग आपल्याला भय कशाचें? माझें उत्तर असें कीं, आपल्या जिल्ह्यांना खरें भय आहे तें नांव न मिळालेल्या वादळांचें.

ऑगस्ट २०१९ ची गोष्ट घ्या. त्या महिन्याच्या ६ तारखेस बंगालच्या उपसागराच्या वायव्य भागांत अवदाब झाला, तो तीव्र झाला, आणि ७ तारखेस ओरिसाच्या किनाऱ्यावर चढला. चक्रीवादळाची पायरी त्यानें गांठली नाहीं, म्हणून त्याला नांव नाहीं. परंतु ओरिसाकडे दाब उतरला म्हणजे अरबी समुद्रावरून येणारा पश्चिमेचा वारा तिकडे जोरानें ओढला जातो, आणि वाटेंत उभ्या असलेल्या सह्याद्रीवर चढतांना आपली सारी वाफ घाटमाथ्यावर रिती करतो. जुलैअखेरपासून पाऊस कोसळतच होता. धरणें भरलीं होतीं. त्यांत ही भर पडली. कोयना, कृष्णा आणि वारणा एकदमच दुथडी झाल्या. कोयना कऱ्हाडास प्रीतिसंगमावर मिळते, वारणा सांगलीजवळ हरिपुरास मिळते, आणि सांगली शहर या दोन्ही भारांच्या तोंडीं वसलेलें आहे. १९२९ सालीं खुल्या झालेल्या आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी. पाणी ५७ फुटांच्या वर गेलें. ८ ऑगस्ट रोजीं पलूस तालुक्यांत ब्रह्मनाळ येथें पुरांतून माणसें बाहेर काढणारी नाव उलटली आणि कित्येक जण, त्यांत बायका-मुलेंहि, बुडालीं. हजार किलोमीटरांहून दूर, ज्या समुद्राचें दर्शनहि त्या माणसांपैकीं अनेकांना कधीं झालें नसेल, तेथील हवेच्या खळग्याचा त्यांच्या मृत्यूशीं असा संबंध होता.

दुसरें उदाहरण ऑक्टोबर २०२० चें. त्या वेळीं पूर्व समुद्रांतील तीव्र अवदाब १३ तारखेस काकिनाड्याजवळ जमिनीवर आला, तेलंगण आणि कलबुर्गीच्या बाजूनें दक्षिण महाराष्ट्रावर चालून आला, आणि पुढें अरबी समुद्रांत उतरला. म्हणजे समुद्रावरचें वादळ या वेळीं अक्षरशः आपल्या शेतांवरून चालत गेलें. सोलापूर, सांगली व सातारा या जिल्ह्यांत एरवीं कोरड्या पडणाऱ्या ओढ्यांना पूर आले, आणि काढणीस आलेलीं पिकें पाण्यांत उभीं राहिलीं. यालाहि नांव नव्हतें.

तिसरी बाब द्राक्षांची. तासगांव, मिरज, कवठे महांकाळ या तालुक्यांतील बागाइतदार ऑक्टोबराच्या सुमारास फळछाटणी करतो, आणि तेथून पुढचे कांहीं आठवडे आकाशाकडे पाहत काढतो. २०१९ च्या दिवाळींत ‘क्यार’ हें वादळ रत्नागिरीसमोरच्या समुद्रांत उठलें. तें पश्चिमेस वळलें, महाचक्रीवादळ झालें, आणि हिंदुस्थानच्या किनाऱ्याला न शिवतांच दूर समुद्रांत विरलें. वर्तमानपत्रांनीं किनारा बचावला असें छापलें, आणि तें खरेंहि होतें. पण त्या दिवसांतील ढगाळ हवा व अवेळीं पाऊस द्राक्षबागांवर दावण्या घेऊन आला. घड कुजले, फवारण्यांचा खर्च वाढला. उन्हाळ्यांत वादळी हवा झाली तर रॅकवर वाळत घातलेला बेदाणा काळा पडतो. वादळ टळलें, हें वाक्य बंदरासाठीं आणि बागेसाठीं एकाच अर्थाचें नसतें.

न्यायानें दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. हीच नांव नसलेलीं क्षेत्रें सप्टेंबर-ऑक्टोबरांत पूर्व समुद्रावरून पश्चिमेकडे सरकतात, म्हणून माण, खटाव, आटपाडी, जत येथें रब्बीच्या ज्वारीला ओल मिळते. तीं आलीं नाहींत, तर तेथें टँकर सुरू होतात. समुद्राला शाप देऊन आपलें भागणार नाहीं. त्याची भाषा शिकून घेणें हेंच शहाणपणाचें.

तेव्हां हवामानाची वार्ता ऐकतांना आपण कांहीं गोष्टी आवर्जून ऐकाव्यात. पावसाळ्यांत ‘वायव्य बंगालच्या उपसागरांत कमी दाबाचें क्षेत्र’ हे शब्द आले, तर कृष्णा-वारणाकांठच्या माणसानें त्या आपल्यासाठींच उच्चारलेल्या समजाव्या, आणि त्याच वेळीं कोयना धरणांतील पाण्याचा सांठा किती, हें विचारावें. धरण रिकामें असेल तर तें पुराचा भार कांहीं काळ पोटांत घेईल; भरलें असेल तर येईल तें पाणी पुढें सोडावें लागेल. घाटमाथ्यावर सांगितलेला पाऊस आपल्या गांवीं पडणार नसला तरी तो नदीवाटे एक-दोन दिवसांत आपल्याकडे येतो, म्हणून स्वच्छ ऊन पाहून गोठ्यांतील गुरें हलविण्यास दिरंगाई करूं नये. उताराखालच्या वस्त्यांनीं तर अधिकच जपावें. २२ जुलै २०२१ च्या सुमारास महाबळेश्वरास चोवीस तासांत सुमारें ५९४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्या रात्रींच पाटण तालुक्यांत आंबेघर, मिरगांव येथें दरडींनीं झोपलेलीं कुटुंबें गाडलीं. सूचनेमध्यें दिलेला वादळाचा मार्ग ही रेघ नसून पट्टा असतो, हेंहि ध्यानांत असूं द्यावें. केंद्र दुसरीकडे गेलें म्हणून अंदाज खोटा ठरला असें म्हणणारा माणूस पुढच्या वेळीं घरांतून हलत नाहीं, आणि अंदाज चुकल्यापेक्षां या हट्टानेंच अधिक हानि होते.

शेवटीं कृष्णेच्या मुखाकडे एकदां पाहूं. १९ नोव्हेंबर १९७७ रोजीं बंगालच्या उपसागरांतील वादळानें दिवीसीमा या भागांत सुमारें पांच मीटर उंचीची समुद्राची लाट आंत लोटली आणि दहा हजारांहून अधिक माणसें बुडालीं. वाईच्या घाटावर ज्या पाण्यांत आपण ओंजळ भरतों आणि सांगलीस ज्या पाण्याला दिवे सोडतों, तेंच पाणी जेथें समुद्रास मिळतें तेथली ही हकीकत. पुढें उपग्रह आले, रडार आलें, सूचना वेळेवर मिळूं लागल्या, माणसें अगोदर हलविलीं जाऊं लागलीं, आणि पूर्व किनाऱ्यावरचे मृत्यु पुष्कळच कमी झाले. समुद्र पूर्वींपेक्षां निवळला, असा याचा अर्थ नाहीं. माणसें सूचना ऐकून वेळेवर उठूं लागलीं, एवढाच तो अर्थ आहे. नदीच्या मुखाशीं राहणाऱ्यांना जें साधलें, तें तिच्या उगमाजवळ राहणाऱ्या आपणांसहि साधावें. पुढच्या पावसाळ्यांत दूरच्या समुद्राचें नांव कानीं येतांच घरांतील वडीलधाऱ्यांनीं क्षणभर थांबून तें ऐकावें, एवढीच विनंति करून मी आपली रजा घेतों.